अमृतचा टाक

धोंडाबाईला कुणी 'वीरमाता' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. महाळुंगे पडवळात सरपंचापासून शाळेच्या गुरुजींपर्यंत सगळ्यांनी एकदा तरी तिच्या तोंडाचा प्रसाद घेतला होता. "मेलेल्याच्या आईला वीरमाता म्हणत्यात. माझा अमृत मेलाय व्हय? तुमी बघितला का डोळ्यांनी? न्हाई नं? मग आल्या वाटंनं जावा." एवढं बोलून बाई पुन्हा शेणात हात घालायची, आणि समोरचा माणूस हातातला हार आता कुठं ठेवावा या विचारात अंगणात उभाच राहायचा.

आणि तिचं चुकतंय असं छातीठोकपणे सांगणार तरी कोण? अमृत नव्व्याण्णव सालच्या कारगिलच्या लढाईत गेला. गेला म्हणजे, गेला असं कळवलं. पलटणीचे सुभेदार घरी येऊन, खाली मान घालून सगळं सांगून गेले होते. वरून गोळ्यांचा पाऊस चाललेला, तशात अमृतनं दोन जखमी सोबती पाठीवर घालून खाली आणले. सगळे नको म्हणत असताना तिसऱ्यासाठी परत वर गेला. त्याला घेऊन उतरताना शेजारी तोफगोळा पडला. तो तिसरा वाचला. अमृत मात्र बर्फाच्या खोल भेगेत गेला, आणि पुष्कळ शोधूनही त्याचं शरीर हाती लागलं नाही. सुभेदारांचं बोलणं संपल्यावर धोंडाबाईनं एकच विचारलं, "म्हंजी घावला न्हाई?" ते म्हणाले, नाही. "मग असंल कुठंतरी," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

तेवीस वर्षांचं पोर. अंगानं शेलाटं, तोंडानं वस्ताद. सुट्टीवर आला की वर्दी खुंटीला, अंगात बंडी, आणि चुलीसमोर फतकल मारून पहिली फर्माईश मासवडीची. रस्सा इतका तिखट लागायचा की खाताना नाकातून पाणी. आई ओरडली की म्हणायचा, "आये, तुझा आवाज आमच्या पलटणीत पायजे व्हता. बंदुका लागल्याच नसत्या." हे ऐकून ती पळी घेऊन मागं लागायची आणि तो अंगणभर पळायचा. लग्न झालेला गडी, बायको दारात उभी राहून हसतीय, तरी पळायचा.

बायको म्हणजे मंदा, पिंपरी पेंढारची. लग्नानंतर अमृत दोनदा सुट्टीवर आला. तेवढाच काय तो तिचा संसार. मग लढाई लागली, आणि सुभेदार येऊन गेल्यावर गावच्या चार म्हाताऱ्या मंदाचं कुंकू पुसायला आल्या, तेव्हा धोंडाबाई दारात आडवी झाली. "हात तर लावा तिच्या कपाळाला! हात मोडून गळ्यात बांधीन." म्हाताऱ्या गेल्या. मंदाच्या कपाळी कुंकू राहिलं, गळ्यात मंगळसूत्र राहिलं, हातात हिरव्या बांगड्या राहिल्या. दहावा नाही, तेरावा नाही. अमृत येणार होता.

सावळाराम, धोंडाबाईचा नवरा, मुळातच कमी बोलणारा. तो वर्षभर गप्प राहिला. वर्ष सरल्यावर मात्र एका सकाळी भीत भीत म्हणाला, "आता त्याचा टाक करू."

या भागात घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीचा तळहाताएवढाही नसलेला पत्रा, त्यावर उठवलेली मूर्ती. न्हाऊ घालून, वाजतगाजत घरी आणून देव्हाऱ्यात बसवतात. सावळारामाच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता, भवानी होती, आणि त्यांच्या शेजारी त्याचे आईबाप होते. सणावाराला त्यांना निवद मिळतो. ज्याचा टाक बसत नाही तो बाहेरच राहतो, उपाशी, वळचणीला. सावळारामाला दुसरं काही नको होतं. आपलं पोरगं थंडीवाऱ्यात उपाशी फिरतंय, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. घास तोंडात घातला की त्याला ते आठवायचं, आणि घास तोंडातच फिरायचा.

"टाक मेलेल्याचा करत्यात," धोंडाबाई म्हणाली.

"आगं, पर..."

"आदी मला त्यो दाखवा. मग काय बसवायचं ते बसवा."

विषय संपला. तिच्यापुढं बोलायची सावळारामाची छाती लग्नाच्या दिवसापासून नव्हती, ती आता कुठून यायची?

पुढं पदक जाहीर झालं. सेना मेडल, मरणोत्तर. समारंभाला सावळाराम आणि मंदा गेले, धोंडाबाई गेली नाही. त्याचं पदक त्यानं स्वतः घ्यावं, म्हणाली. तिथं मोठ्या साहेबांनी मंदाच्या हातात पदक दिलं, टाळ्या झाल्या. मग कुबडी घेतलेला एक जवान मंदाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत राहिला. सावळारामाला वाटलं, असंल अमृतचा दोस्त. परतीच्या गाडीत मंदा खिडकीबाहेर बघत होती. तिनं वाटेत पाणीसुद्धा घेतलं नाही.

धोंडाबाईनं पदकाची डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. डबी कणगीवर पडून राहिली.

एक दिवस बायको रानात गेल्याचं बघून सावळारामानं डबी उचलली आणि एसटीनं मंचर गाठलं. सोनाराला म्हणाला, गुपचूप एक टाक करून दे. माझ्या पोराचा. सोनार जाणता होता. लढाईत गेलेल्याचा टाक म्हणजे घोड्यावरचा वीर, हातात तलवार, असं तो म्हणाला. सावळाराम म्हणाला, "घोडं कशाला? त्यानं जन्मात घोड्याला पाय लावला न्हाई. बैलाला सुदिक भ्यायचा." मग त्यानं डबी पुढं केली. ही चांदी त्याच्या कमाईची, हीच वितळव, असं त्याच्या मनात होतं. सोनारानं पदक हातात घेतलं, उलटं केलं, आणि सावळारामापुढं धरलं. पदकाच्या पाठीवर एक जवान उभा होता. छोटासा, पुरा, पायात बूट, सरळ. सावळारामानं ते तोवर पालथं घालून पाहिलंच नव्हतं.

"मी ह्याच्यावर काय करू?" सोनार म्हणाला. "ह्यो तर झालेलाच हाय."

सावळाराम म्हातारा रस्त्यानं एकटाच मान हलवत आला. सरकारनं टाकच करून पाठवला होता आणि आपण तो दाणे ठेवायच्या जागेवर टाकून दिला! घरी येऊन त्यानं पदक चिंचेनं घासलं, फीत नीट घडी करून मागं सारली, आणि जवानाची बाजू वर करून आईबापाच्या टाकांशेजारी ठेवून दिलं. हळदीकुंकू वाहिलं. गुळाचा खडा ठेवला. मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

संध्याकाळी धोंडाबाई दिवा लावायला गेली आणि घराचं छप्पर उडायचं बाकी राहिलं.

"जित्या पोराला देवात बसवला! बाप हाय का कोण तू?" लग्नातल्या उखाण्यातसुद्धा नाव न घेतलेली बाई नवऱ्याला अरेतुरे करत होती. तिनं पदक उचललं, पदरानं त्यावरचं हळदीकुंकू खसाखसा पुसलं आणि डबीत कोंबून मंदाच्या पेटीत टाकलं. सावळाराम खांबाला टेकून बसला होता. "त्याला भूक लागत आसंल गं," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून धोंडाबाईनं देव्हाऱ्यात दिवा लावणं सोडलं. मंदाच लावायची.

मंदाचा भाऊ कुंडलिक दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर आला. भला माणूस, पण कामाचं बोलायला त्याला तीन पेले पाणी प्यावं लागलं. ओतूरकडचं एक स्थळ होतं. बायको बाळंतपणात गेलेली, पदरी लहान पोरगी, माणूस शांत, कांद्याची शेती. त्यानं मंदाला बघितलेलं होतं, पाट लावून दुसरं लग्न करायला तयार होता.

"पर आमच्यात रिवाज हाय, मावशी," कुंडलिक खाली बघत म्हणाला. "पैल्याचा टाक बसल्याबिगर पाट लावत न्हाईत. त्यो बाहेर फिरत असला तर बाईला सुख लागू देत न्हाई. तुमी एकदा टाक बसवला, म्हंजी ती मोकळी झाली."

धोंडाबाईनं त्याच्यापुढची चहाची कपबशी उचलली. अर्धा कप चहा तसाच होता. "तुझा भावजी परत आल्यावर त्याला हे सांगायला ये," ती म्हणाली. "बघते कसा उभा ऱ्हातोस त्याच्यापुढं."

कुंडलिकनं बहिणीकडं पाहिलं. मंदा भिंतीशी उभी होती. "आत्याबाई म्हणतील तसं," ती म्हणाली आणि भांडी घेऊन मागच्या दारी गेली. कुंडलिकला फार राग आला, पण कुणावर काढावा हे त्याला कळेना. तो जेवलासुद्धा नाही, तसाच गेला.

रविवारी सासूसुना मंचरच्या बाजाराला गेल्या. मंदाच्या बांगड्या पिचल्या होत्या, म्हणून धोंडाबाई तिला कासाराकडं घेऊन गेली. हिरव्या भर, हात भरून भर, असं तिनं कासाराला बजावलं आणि शेजारच्या दुकानात मीठ घ्यायला वळली. कासार बोलका होता. मंदाचा हात दाबत, बांगडी सरकवत म्हणाला, "पोरी, हाताला काम लई दिसतंय. मालक काय करत्यात?"

"मिल्ट्रीत हायती," मंदा म्हणाली.

"मंग येत्याल की आता सुट्टीला."

"सुट्टी मिळत न्हाई त्यांना. लांब हायती. पत्र येतं." आवाज जराही हलला नाही. बाजरीचा भाव सांगावा तसं सांगितलं. कासार म्हणाला, नशीबवान हायेस, आणि मंदानं हसून होय म्हटलं.

धोंडाबाई मिठाची पिशवी घेऊन मागं उभी होती. पत्र? पत्र कधी आलं होतं? या पोरीनं हे किती जणांना, किती वेळा सांगितलं असेल, म्हणून तिच्या जिभेला इतकी सवय झाली? धोंडाबाई स्वतः भांडून सांगायची, अंगावर येऊन सांगायची. मंदा हसून सांगत होती. ज्याला खरंच वाटतं त्याला असं गुळगुळीत सांगता येत नाही, हे त्या भांडकुदळ बाईला तिथं उभ्या उभ्या कळलं.

गावच्या फाट्यावर एसटीतून उतरून दोघी चालू लागल्या. दोन्हीकडं बटाट्याची रानं. अर्ध्या वाटेवर आल्या. मग धोंडाबाई थांबली.

"मंदे, खरं सांग. तुला वाटतंय का, त्यो येईल?"

मंदानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "न्हाई आत्याबाई."

"कवापासून?"

"समारंभाला गेले तवापासून. तिथं कुबडीवाले व्हते नं एक, तेच ते तिसरे. ह्यांनी उचलून आणलेले." मंदा पदराचं टोक पिळत होती. "भेगेच्या तोंडाशी ह्यांचा हात त्यांनी धरून ठेवला व्हता. छातीत लागलं व्हतं ह्यांना. हातात हात असतानाच गेले. ते म्हणले, वहिनी, मी लई वेळ सोडला न्हाई. पर बोटं गारठली, आन् सुटला. पाया पडत व्हते वो ते माझ्या, सगळ्यांदेखत. मी म्हणलं, असू द्या दादा."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"कसं बोलू? तुमी त्याच्यावरच जगत व्हता."

"मग हे कुंकू कुणाच्या नावाचं लावतीस?"

मंदानं वर पाहिलं. "तुमच्या," ती म्हणाली.

धोंडाबाई बांधावर बसली. ती रडली नाही. वीस-बावीस वर्षांची पोर, तिनं आपला नवरा मेल्याचं एकटीनं पोटात ठेवलं, वर सासूसाठी रोज सकाळी आरशापुढं बसून कुंकू लावलं. आणि आपण तिला घराच्या दाव्याला बांधून ठेवलं, लेकरू माझं येणार म्हणत. आपल्याइतकी दुष्ट बाई पंचक्रोशीत नसंल, असं तिला वाटलं. मंदानं हात दिला तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून कुंडलिकला जीप घेऊन बोलावलं. का ते सांगितलं नाही. तो आला तेव्हा मंदाची पेटी दारात बांधून ठेवली होती आणि धोंडाबाई पाटावर बसवून मंदाची ओटी भरत होती. खण, नारळ, तांदूळ. कपाळाला ठसठशीत कुंकू.

"आत्याबाई, टाक बसंस्तोवर थांबते मी," मंदा रडत म्हणाली. "मीच न्हाई थांबायचं तर कुणी थांबायचं?"

"येडी हायस का?" धोंडाबाईचा आवाज जुनाच, खणखणीत. "त्याला मेला म्हणून घरात घेताना तू हितं असलीस तर तुझं कुंकू पुसावं लागंल. बांगड्या फोडाव्या लागतील. त्या चार म्हाताऱ्या वाटच बघून हायती. तू नसलीसच तर कुणाचं पुसतील, माझं?" तिनं मंदाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तू ह्या घरात कुंकवानं आलीस, कुंकवानंच जा. माझ्या घरात रांडाव झाली न्हाईस तू. माझी लेक म्हणून चाललीयास."

मंदानं पेटीतून डबी काढून तिच्या हातात दिली. धोंडाबाई म्हणाली, "सरकारनं तुला दिलंय हे. तुझं हाय, ने."

"टाक कुणी नेतं व्हय घरातला?" मंदा म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुंडलिक जीपच्या पलीकडं तोंड करून उभा राहिला. जीप वेशीबाहेर जाईपर्यंत धोंडाबाई हात वर करून होती.

मग ती वळली. "चला," ती सावळारामाला म्हणाली. विहिरीवर दोघांनी मिळून पदक धुतलं. दूध घातलं, पाणी घातलं. वाजंत्री नव्हती, भावकी नव्हती. सावळारामानं पितळी ताटलीत टाक घेतला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. धोंडाबाई आत, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. रिवाजाप्रमाणं आतल्यानं विचारायचं आणि बाहेरच्यानं नाव सांगायचं.

"कोण आलंय?" तिनं विचारलं.

सावळारामाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जे तो दोन वर्षं मागत होता ते हातात आलं, आणि त्याला मुलाचं नाव घेता येईना.

"बोला की वो," ती म्हणाली. "कोण आलंय?"

त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. त्यानं फक्त मान हलवली. तेव्हा धोंडाबाईनंच उत्तर दिलं. "अमृत आलाय," ती म्हणाली. "माझा अमृत आलाय." तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला, नवऱ्याच्या पायांवर पाणी ओतलं, आणि ताटली आपल्या हातात घेतली. "ये बाबा. आत ये. लई गार पडलायस."

आजाआजीच्या शेजारी तिनं त्याला बसवला, जवानाची बाजू वर. पुढं मासवडी ठेवली, पहाटे उठून केलेली, तिखट. दिवा लावला. मग ती बाहेर ओट्यावर आली आणि तिनं हंबरडा फोडला.

गावात असा हंबरडा ऐकला की बाया हातातलं टाकून धावतात. पिठाचे हात, ओली लुगडी, काखेत पोरं. शेजारपाजारच्या सगळ्या तशाच आल्या. सगळ्यांत आधी आलेलीनं गळ्यात हात टाकून विचारलं, "कोण गेलं गं धोंडाबाई? काय झालं?"

"अमृत गेला गं माझा," धोंडाबाई म्हणाली. "तीन वर्सं झाली गं बायांनो, माझा अमृत गेला त्याला."